जिंकतो कोण, किती आणि कुणाच्या पैशानं?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं हे बोलणं. बऱ्याच गटांनी मागितलं म्हणून लिहून काढलं आहे. – प्रभाग समन्वयक)



आजच्या विषयपत्रिकेवर 'अंतर्गत कर्जाचा वापर' असं लिहिलंय. विषय मोठा आहे, मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ती म्हणजे मोबाइलवरचे पैशांचे पत्ते. रमी, तीन पत्ती, पोकर. तीन-चार गटांत हप्ता का थकला हे विचारत गेलो आणि शेवटी गोष्ट इथंच येऊन थांबली. कर्ज घेतलं बियाण्यासाठी, शेळीसाठी, आणि पैसा गेला फोनमध्ये. मी नावं घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. ज्या घरात हे झालं त्या घरातली बाई आधीच मान खाली घालून बैठकीला येते, नाहीतर यायचीच बंद होते.

जुगार वाईट असतो हे मी सांगणार नाही. ते तुम्हाला माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे. मला हिशोब सांगायचाय. कारण घरात पोरगा काय म्हणतो? "आई, हा जुगार नाही, डोक्याचा खेळ आहे. माझ्या मित्रानं महिन्यात साठ हजार काढले." या बोलण्याला आपल्याकडे उत्तर नसतं. मित्रानं खरंच काढले असतील, आपण खोटं कसं म्हणणार? मग आपण गप्प बसतो, आणि तो आपल्याकडूनच पाच हजार घेऊन जातो. पण याचं उत्तर आहे, आणि ते आपल्या गटाच्या वहीत मावतं.

आधी पोकर म्हणजे काय ते थोडक्यात. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मधे सगळ्यांची मिळून पाच पानं टप्प्याटप्प्यानं उघडतात. प्रत्येक टप्प्याला पैसे लावायचे, नाहीतर पानं टाकून बाजूला व्हायचं. दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल. (हसू नका, कोण कोण खेळतं ते मला माहीत आहे.) मधे जमलेली रक्कम शेवटी जिंकणारा घेऊन जातो.

पत्त्याच्या अड्ड्यावर जागेचा मालक नाल घेतो, हे तुम्ही ऐकलं असेल. पानं कुणालाही चांगली येवोत, प्रत्येक डावातून त्याची नाल निघते. ॲपवालाही तेच करतो. मधल्या रकमेतून साधारण पाच टक्क्यांपर्यंत कापून घेतो आणि बाकीचे जिंकणाऱ्याला देतो. तो स्वतः खेळत नाही, म्हणून हरतही नाही.

आता फळ्याकडे बघा. दहा जणी खेळायला बसल्या असं धरू. हे आकडे मी समजायला सोपे म्हणून घेतलेत. प्रत्येकीनं १,००० रुपये आणले. एकूण १०,०००. प्रत्येक डावात मधे सरासरी ४०० रुपये जमतात. त्यावर पाच टक्के नाल म्हणजे २० रुपये. २० रुपये काय, चहाचे पैसे, कुणाला जाणवत पण नाहीत. पण फोनवर पत्ते पिसायला वेळ लागत नाही. तासाला ६० डाव धरा. ६० गुणिले २० म्हणजे तासाला १,२०० रुपये. चार तासांत ४,८००.

म्हणजे चार तासांनी टेबलावर १०,००० नाहीतच. ५,२०० उरलेत. आता दहा जणी मिळून कितीही हुशार असल्या तरी ५,२०० चे ५,३०० करू शकत नाहीत. पैसा तयार करणारं तिथं काहीच नाही. शेळी विते, जमीन पिकते, शिलाई मशीन कापडाचा ब्लाउज करते. इथं फक्त पैसा एकीच्या पिशवीतून दुसरीच्या पिशवीत जातो, आणि जाताना वाटेत थोडा सांडतो.

मग हे ५,२०० कसे वाटले जातील? सगळ्या सारख्याच हुशार असत्या आणि नशीबही सारखं असतं तर प्रत्येकीला ५२० मिळाले असते, म्हणजे प्रत्येकीचे ४८० गेले असते. तसं कधीच होत नाही. एक जण मुरलेली असते. ती २,६०० घेऊन उठली असं धरा. दुसरी १,२०० घेऊन उठली. तिसरीचे १,००० जसेच्या तसे राहिले. बेरीज ४,८००. राहिले ४०० रुपये, आणि राहिल्या सात जणी.

आता बाहेर गावात काय बातमी जाते? "तिनं चार तासांत सोळाशे कमावले." खरी बातमी आहे, शंभर टक्के खरी. पण सात जणींचे मिळून ६,६०० रुपये गेले, त्यातले १,८०० दोघींना मिळाले आणि ४,८०० ॲपला, ही बातमी कुणी सांगत नाही. जिंकलेली पेढे वाटते, हरलेली गुपचूप घरी जाते. म्हणून ऐकीव गोष्टींवरून किती जण जिंकतात याचा अंदाज काढला तर तो नेहमी चुकतो. आपल्या कानापर्यंत जिंकणारेच पोचतात.

सभेत एका मावशींनी इथं छान प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "मग सात जणींचे पैसे संपले की खेळ बंद पडायला पाहिजे. हा तर वर्षानुवर्षं चालतोय." बरोबर आहे. तो चालतो कारण त्या सात जणींतल्या काही जणी परत हजार रुपये घेऊन येतात, आणि बाकीच्यांच्या जागी नवीन माणसं येतात. नवीन माणूस यावा म्हणून तर जाहिराती होत्या, पहिल्यांदा आलात तर बोनस होता, मित्राला आणलंत तर आणखी बोनस होता. गेलेले पैसे भरून काढायला आलेला आणि नवा आलेला, या दोघांच्या पैशावर टेबल चालतं.

आणि यात कर अजून धरलाच नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. १,००० भरले तर त्यातले सुमारे २१९ रुपये कराचे. वर्षाच्या निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के टीडीएस वेगळा. मित्र साठ हजार म्हणतो तेव्हा ते यांच्या आधीचे की नंतरचे, हे विचारायला हरकत नाही.

आता 'डोक्याचा खेळ'. याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण पोरं याच शब्दाला धरून बसतात. आणि ती अगदीच चूक नाहीत.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या संशोधकांनी ऑनलाइन पोकरच्या नोंदी तपासल्या. थोड्या नाही, एका वर्षाच्या ४५ कोटींहून जास्त नोंदी. २०१५ साली ते छापून आलं. त्यांनी वर्षाचे दोन भाग केले. पहिल्या सहा महिन्यांत जे वरच्या दहा टक्क्यांत होते, ते पुढच्या सहा महिन्यांतही तिथंच असण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त निघाली. आणि जे सगळ्यात वरच्या एक टक्क्यात होते त्यांची शक्यता बारा पट. नुसतं नशीब असतं तर असं झालं नसतं. नशीब सहा महिने एकाच्याच घरी मुक्काम करत नाही. म्हणजे कौशल्य आहे, हे मान्य करा.

पण आता दुसऱ्या बाजूनं बघा. तळातले पण तळातच राहण्याकडे झुकतात, हेही त्याच अभ्यासात दिसलं. कौशल्य असणं म्हणजे काय? जिंकणारा ठरलेला असण्याकडे खेळ झुकतो. मग हरणारासुद्धा ठरलेला असण्याकडेच झुकणार ना? समजा कुस्ती चिठ्ठ्या टाकून ठरवली, तर आपल्या पोराला पैलवानासमोर निम्मी तरी संधी आहे. खरी कुस्ती लावली तर नाही. "आई, हा कौशल्याचा खेळ आहे" हे वाक्य आपल्याला धीर द्यायला वापरतात, पण खरं तर घाबरायचं ते त्याच वाक्याला. समोर बसलेला रोज आठ-दहा तास खेळणारा आहे आणि आपला पोरगा कांदा काढून झाल्यावर रात्री अर्धा तास खेळणारा आहे.

हा फरक किती मोठा असतो, तेही मोजलेलं आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या अभ्यासात वीस लाखांहून जास्त पोकर खात्यांच्या सहा महिन्यांच्या नोंदी होत्या. खेळणाऱ्यांना कमी ते जास्त अशा ओळीत उभं केलं, तर बरोबर मधे उभा असलेला माणूस सहा महिन्यांत पाच ताससुद्धा खेळलेला नव्हता. आणि शंभरातला सगळ्यात पुढचा एक जण? त्याच्या पन्नास पटीहून जास्त. मधला माणूस म्हणजे हौशी, येऊन जाऊन असणारा. पुढचा माणूस म्हणजे रोजची ड्युटी. दोघं एकाच टेबलावर बसतात आणि फोनवर दोघांची नावं सारख्याच अक्षरात दिसतात.

रॉटरडॅमच्या त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, तो पाठ करून ठेवण्यासारखा आहे. साधारण १,५०० डाव खेळून झाल्यावरच नशिबापेक्षा कौशल्याचा हात वर होतो. तासाला ६० डाव धरले तर पंचवीस तास. त्याच्या आतलं जिंकणं-हरणं बरंचसं पानांचं असतं. म्हणून "पहिल्याच आठवड्यात मी चार हजार जिंकलो" याचा अर्थ पोरगा हुशार आहे असा होत नाही. अजून काहीच कळलेलं नाही, एवढाच होतो. पण नेमक्या याच आठवड्यात तो मोठी रक्कम लावायला तयार होतो. मला वाटतं, पहिल्यांदा हरलेला पोरगा नशीबवान. तो लवकर उठतो.

"पण तो तर रोज जिंकतो, मी स्वतः बघितलंय," असं एका ताईंनी मला गटाच्या बैठकीत सांगितलं. बघितलं असेल. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या एका संशोधकानं २०१० मध्ये ऑनलाइन पोकरचे २ कोटी ७० लाख डाव तपासले. त्यात दिसलं, की जे जास्त वेळा डाव जिंकतात ते पैशात मात्र मागे असू शकतात, नवख्यांमध्ये तर हे जास्तच. कारण छोटे छोटे डाव खूप जिंकले, त्यातून अंगात बळ आलं, आणि एक-दोन मोठ्या डावांत सगळं गेलं. दहा वेळा पन्नास जिंकले आणि एकदा नऊशे हरले, तर अकरापैकी दहा वेळा जिंकलेला माणूस चारशे रुपयांनी खाली असतो. त्याच्या डोक्यात मात्र दहा वेळाच राहतात. बघणाऱ्या आईच्याही.

आता सरासरीबद्दल एक सांगते, मग कायद्याकडे येते. सरकारनं कायदा आणताना सांगितलं, की पैशांच्या ऑनलाइन खेळांचा देशातल्या अंदाजे ४५ कोटी लोकांना फटका बसलाय आणि नुकसान २०,००० कोटी रुपयांहून जास्त आहे. भागाकार करा. माणशी साडेचारशे रुपयेसुद्धा येत नाहीत. एवढ्यासाठी कायदा? इथंच सरासरी फसवते. आपल्या गटात नऊ जणींचं काहीच थकलं नाही आणि एकीचे वीस हजार थकले, तर वहीत सरासरी थकबाकी दोन हजार दिसेल. ती सरासरी कुणाच्याच घरात खरी नाही. नऊ घरांत शून्य आहे आणि एका घरात मंगळसूत्र गहाण पडलंय. ऑनलाइन पत्त्यांचं तसंच असतं. बहुतेकांचे थोडे जातात, थोड्यांचे भरमसाट जातात, आणि अगदी थोड्यांना मिळतात. आपल्याला शोधायची आहेत ती मधली घरं, जिथं भरमसाट गेलंय.

पोकरचं राहू द्या, आपल्याच देशात एका जागी सगळ्यांचा पक्का हिशोब निघाला आहे. शेअर बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्स म्हणून एक प्रकार आहे, तालुक्याच्या गावातली शिकलेली पोरं आता त्यात पण आहेत. तो पत्त्यांचा खेळ नाही, पण तिथंही एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा आणि दर व्यवहाराला खर्च वेगळा. सेबीनं २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशोब काढला. शंभरातल्या ९३ लोकांना तोटा. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींहून जास्त. आणि खर्च जाऊन एक लाखापेक्षा जास्त नफा मिळवणारे फक्त एक टक्का. आपल्या फळ्यावरच्या दहा जणींत निदान दोघी तरी वर होत्या.

कायद्याचं आता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला, त्यांची जाहिरात करायला आणि बँकांनी त्यांचे व्यवहार करायला त्यात बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. हे मी मुद्दाम दोनदा सांगते. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पोलीस पोराला घेऊन जातील या भीतीनं गप्प बसलेल्या आया मी बघितल्यात. त्यांनी गप्प बसायचं कारण नाही.

मोठी नावाजलेली ॲप त्यानंतर बंद झाली. पण म्हणून खेळ संपला असं समजू नका. टेलिग्रामवर लिंक येते, परदेशातून चालणारी ॲप येतात, पैसे कुणाच्या तरी खाजगी खात्यावर भरायला सांगतात. तिथं नाल किती कापतात हे कुणी लिहून देत नाही, आणि जिंकलेले पैसे मिळतीलच याची पण खात्री नाही. आपल्या फळ्यावरचा हिशोब तर प्रामाणिक ॲपचा होता.

आणखी एक प्रकार सुरू झालाय. "तुमचे रमीत गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी दोन हजार फी भरा," असे फोन येतात. फी भरू नका. अशी फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितका पैसा पुढं जातो.

आता आपण काय करायचं ते. भांडण करून काही निघत नाही. पोरगा म्हणतो जिंकतोय, आई म्हणते हरतोयस, आणि दोघांकडे कागद नाही. म्हणून कागद करा. त्याच्या बँक खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. त्याच्याबरोबर बसून काढा, चोरून नाही. एका वहीत दोन रकाने आखा. डावीकडं ॲपला भरलेले, उजवीकडं ॲपमधून परत खात्यात आलेले. ॲपच्या पाकिटात किती दिसतात ते धरायचं नाही, खात्यात आले तेवढेच धरायचे. किती वेळा जिंकला हे पण लिहायचं नाही. दोन्ही रकान्यांची बेरीज करा. गटाची वही लिहिताना आपण हेच करतो, जमा आणि नावे, त्यात नवीन काही नाही. एका घरात मी हे करताना बघितलं. पोरगा पहिल्या पानापर्यंत वाद घालत होता. तिसऱ्या पानाला त्यानं स्वतःच कॅल्क्युलेटर हातात घेतला.

उजवा रकाना मोठा निघाला तर? निघू शकतो, दहातल्या दोघींचा निघालाच होता. मग त्याला एवढंच विचारा की डाव किती झाले, १,५०० च्या पुढं गेले का, आणि हे डावीकडचे पैसे कुणाचे होते. ते बियाण्याचे असतील तर जिंकला तरी ते गटाचेच आहेत, आणि गटाच्या वहीत परत यायला पाहिजेत.

गट म्हणून दोन गोष्टी. कर्ज दिल्यावर महिन्याभरात वस्तू बघायला जायचं आपण ठरवलेलं आहे, पण इतिवृत्तात ते नुसतं लिहिलं जातं. शेळी बघा, बियाण्याची पावती बघा. यात कुणावर अविश्वास नाही. उलट घरात पैसे मागणाऱ्याला बाईला सांगता येतं की "गटाच्या बाया उद्या बघायला येणार आहेत." तिच्या हातात ती एक ढाल होते. आणि ज्या घरात पैसे गेलेच आहेत त्या ताईला गटातून काढायचा विषय आणू नका. हप्त्याची मुदत वाढवून द्या, छोटे हप्ते बांधा. गटातून बाहेर गेली तर ती सावकाराकडे जाईल, आणि तिथला हिशोब आपल्याला दिसणार पण नाही.

पोराला झोप नाही, चिडचिड करतो, जीव द्यायची भाषा करतो, असं असेल तर तो हिशोबाचा विषय राहिला नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, आपल्या भाषेत बोलतात. आधी तिथं फोन करा, वही नंतर.

दोन रकान्यांचे छापील कागद लेखापालताईंकडं ठेवलेत, प्रत्येक ग्रामसंघानं दहा-दहा घेऊन जा. ज्यांना स्टेटमेंट काढता येत नाही त्यांना बँक सखी मदत करेल, तिच्याशी माझं बोलणं झालंय, पण पासबुक आणि आधार बरोबर घेऊन जा. पुढच्या सभेला कुणाचेही आकडे मोठ्यानं वाचले जाणार नाहीत. किती घरांनी वही केली आणि त्यातल्या किती घरांत डावा रकाना मोठा निघाला, एवढं फक्त चिठ्ठीवर लिहून आणा, नाव न घालता. मग आपल्या प्रभागातलं वाटप आपल्यालाच फळ्यावर मांडता येईल.